‘तीनशे त्रेपन्न लावीन’: धाक किती, कायदा किती?

तहसील कार्यालयाच्या खिडकीशी आवाज चढला की पलीकडून हमखास एक आकडा ऐकू येतो: “तीनशे त्रेपन्न लावीन!” सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा महाराष्ट्रात याच आकड्याने ओळखला जातो. तो ऐकून अनेक जण आपला अर्ज तसाच घेऊन घरी परततात. दुसरीकडे, वाळूचा ट्रॅक्टर अडवणाऱ्या तलाठ्याच्या अंगावर धावून जाणाऱ्यांना मात्र या कलमाचा धाक वाटत नाही. या कलमाभोवती गैरसमज दोन्ही बाजूंना आहेत आणि ते दूर व्हायला हवेत.

गैरसमज : महाराष्ट्रात या गुन्ह्याला पाच वर्षांची शिक्षा आहे.

वस्तुस्थिती : काही वर्षे ती होती. भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ मध्ये मुळात कमाल दोन वर्षे कैद, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद होती. महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून जून २०१८ पासून ही मर्यादा पाच वर्षांवर नेली आणि हे खटले सत्र न्यायालयाकडे सोपवले. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुनी संहिता गेली. ३५३ ची जागा आता कलम १३२ ने घेतली आहे. संहितेच्या मूळ मजकुरात तिथे पुन्हा कमाल दोन वर्षेच आहेत. मात्र कर्तव्यापासून रोखण्यासाठी लोकसेवकाला दुखापत केली, तर कलम १२१ लागते. तिथली कमाल शिक्षा नव्या संहितेने तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. गंभीर दुखापत असेल तर किमान एक आणि कमाल दहा वर्षे. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या घटनांना जुनाच कायदा लागू राहतो.

गैरसमज : साहेबांशी वाद घातला, जाब विचारला, की हा गुन्हा होतो.

वस्तुस्थिती : कलम १३२ साठी ‘हमला’ किंवा ‘फौजदारी बळाचा वापर’ घडावा लागतो. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, असे कायद्याच्या व्याख्येतच स्पष्ट केले आहे. बंगळूरच्या एका दांपत्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर पोलिसी वागणुकीची तक्रार लिहिली, तर त्यांच्यावर ३५३ सह गुन्हा नोंदवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तो रद्द केला. माहिती मागणे, नियम दाखवा म्हणणे, वरिष्ठांकडे तक्रार करणे हा नागरिकाचा हक्क आहे. याचा अर्थ शिवीगाळ किंवा धमकी माफ आहे असा नाही. लोकसेवकाला इजा करण्याची धमकी देणे हा कलम २२४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

गैरसमज : अंगाला हात लावला नाही, म्हणजे आपण सुटलो.

वस्तुस्थिती : काठी उगारणे, दगड घेऊन अंगावर धावणे, ‘आता हा मारणार’ अशी भीती समोरच्याला वाटेल असा आविर्भाव करणे, हे सगळे हमल्यात मोडते. तलाठ्याने दुपारी पंचनामा केला आणि त्याचा राग धरून संध्याकाळी त्याला घराजवळ गाठले, तरी कलम लागू होते, कारण कर्तव्य बजावल्याचा सूड घेणेही त्यात येते. बळ न वापरता जाणूनबुजून काम अडवले तर कलम २२१ आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण या कलमाखाली न्यायालयाला खटल्याची दखल घ्यायची असेल, तर संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार न्यायालयापुढे यावी लागते.

गैरसमज : कलम अजामीनपात्र आहे, म्हणजे अटक आणि तुरुंग ठरलेलाच.

वस्तुस्थिती : अजामीनपात्र म्हणजे जामीन हक्क म्हणून मागता येत नाही, एवढेच. न्यायालय तो देऊ शकते. अटकपूर्व जामिनाचाही मार्ग खुला असतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली बजावले आहे. अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ती मिळाली तर हजर राहणे मात्र टाळू नये.

गैरसमज : मोबाइलवर चित्रीकरण केले की सरकारी कामात अडथळा होतो.

वस्तुस्थिती : नुसत्या चित्रीकरणात ना हमला असतो, ना बळ. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते अधिनियमाखालचे ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ठाण्यातल्या चित्रीकरणाच्याच एका प्रकरणात २०२२ साली स्पष्ट केले. कॅमेरा तोंडाशी नेऊन काम थांबवणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

गैरसमज : शिक्षा वाढवली की हल्ले थांबतात.

वस्तुस्थिती : २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. खुनाला जन्मठेप आणि फाशी तेव्हाही होतीच. कायद्यात त्याहून मोठी शिक्षा नाही, तरीही मारेकऱ्यांचे हात थांबले नाहीत. आपल्याला शिक्षा होणार नाही, ही खात्री गुन्हेगाराला बळ देते. ती खात्री मोडण्यासाठी वाळूघाटावर जाणाऱ्या महसूल पथकाला वेळेवर पोलीस संरक्षण हवे, साक्षीदार टिकायला हवेत, खटले वेगाने निकाली निघायला हवेत आणि विभागाने कर्मचाऱ्याच्या पाठीशी शेवटपर्यंत उभे राहायला हवे. हे जमत नसेल तर कलमातले दोनाचे पाच करून फारसे काही साधत नाही.

कलमाचा धाक दाखवून नागरिकाला गप्प बसवण्यानेही कर्मचारी सुरक्षित होत नाही. खिडकीवरची बहुतेक भांडणे रखडलेल्या कामातून पेटतात आणि त्यावरही कायदा आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यानुसार, म्हणजे ज्याला आपण ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणतो त्यानुसार, एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात, सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

तेव्हा पुढच्या वेळी तो आकडा कानावर पडला, तर आवाज चढवू नका आणि अर्ज घेऊन परतूही नका. अर्ज द्या, तारखेचा शिक्का मारलेली पोच मागा आणि मुदत उलटली की अपील करा. आणि पलीकडच्या कर्मचाऱ्यावर कुणी हात उगारताना दिसला, तर साक्ष द्यायला पुढे या.