मुलांच्या पाठीवरचे ओझे

गेल्या जुलै महिन्यातील एका बुधवारची गोष्ट. वास्कोत पहाटेपासून पावसाने संततधार धरली होती. शाळेची घंटा होण्याच्या सुमारास मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. पाचवीतील एक मुलगी एका हाताने कठडा धरून, कमरेत वाकून, एकेक पायरी चढत होती. दुसऱ्या हातात मिटलेली ओली छत्री. मधल्या वळणावर ती थांबली आणि पाठीवरचे दप्तर कठड्याला टेकवून तिने श्वास घेतला.

आरोग्य तपासणीसाठी आणलेला वजनकाटा कार्यालयातच होता. मुलीचे वजन सत्तावीस किलो भरले; दप्तराचे साडेपाच. म्हणजे स्वतःच्या वजनाचा पाचवा हिस्सा ती सड्याच्या बसमधून उभ्याने घेऊन आली होती. तिच्या संमतीने दप्तर उघडले. त्या दिवसाच्या वेळापत्रकातील पुस्तके होतीच. शिवाय नसलेल्या विषयांचीही होती. प्रत्येक विषयाच्या दोन वह्या, नकाशासंग्रह, चित्रकलेची वही, शिकवणीची पुस्तके, डबा आणि लिटरभर पाण्याची बाटली. पाण्याचेच वजन एक किलो झाले. आज चित्रकलेचा तास नसताना ही वही कशाला, असे विचारता ती खाली मान घालून म्हणाली, "वही नासल्यार भायर उबें रावचें पडटा, सर."

हे उत्तर मला झोंबले, कारण ते खरे होते. एखादे शिक्षक रजेवर गेले की बदली तास मीच लावतो, आणि ऐन वेळी दुसराच विषय सुरू होतो. वही विसरणाऱ्याला वर्गाबाहेर उभे करण्याची प्रथाही माझ्याच देखत चालू होती. मुलांनी यातून सरळ निष्कर्ष काढला होता, की सर्व काही रोज आणावे. त्या साडेपाच किलोंतील निम्मे ओझे शिक्षणाचे नव्हते, धास्तीचे होते.

पेडणे तालुक्यातील खेड्यात मी शिकलो तेव्हा आईने शिवलेल्या कापडी पिशवीत पाटी, पेन्सिल आणि एखाददुसरे पुस्तक एवढाच संसार असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पाटीवरचे पुसले की गेले. उजळणीला हाती काही उरत नसे.

ओझ्याचा शरीरावर होणारा परिणाम समजण्यास वैद्यकाचे फार ज्ञान लागत नाही. पाठीवर भार आला की शरीराचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. तोल सावरण्यासाठी मूल कमरेतून पुढे झुकते आणि मान पुढे काढते. दप्तर एकाच खांद्यावर घेतले तर तो खांदा उचलला जाऊन कणा दुसऱ्या बाजूस कलतो. दप्तराने कणा कायमचा वाकडा होतो असे मात्र सर्रास बोलले जाते, त्यास आधार नाही. अनेक संशोधनांचा एकत्र आढावा घेऊन २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात तर दप्तरामुळे मुलांची पाठदुखी वाढते याचाही खात्रीलायक पुरावा मिळत नाही असे म्हटले आहे. तेव्हा पालकांनी भयभीत होऊ नये. दोन्ही पट्टे खांद्यांवर असावेत, ते रुंद असावेत, जड पुस्तके पाठीलगत ठेवावीत आणि दप्तर कमरेखाली लोंबू देऊ नये, इतके पाहिले तरी पुष्कळ झाले. परंतु पहिल्या तासालाच दमलेले मूल फळ्याकडे कोणत्या उत्साहाने पाहणार, हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही.

हा प्रश्न कोणी मांडलाच नाही असे नव्हे. आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेतील आपल्या पहिल्या भाषणाचा विषय म्हणून मुलांचे दप्तरच निवडले. पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ साली अहवाल दिला. त्यात पुस्तकांच्या वजनापेक्षाही न समजलेल्या पाठांचे ओझे अधिक घातक ठरवले आहे. शिक्षकाने हे वाक्य दोनदा वाचावे. ऑगस्ट २०१६ मध्ये चंद्रपूरच्या सातवीतील दोन मुलांनी तर चक्क पत्रकार परिषद घेतली. रोज सोळा-वीस पुस्तके व वह्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढावे लागते, ही त्यांची तक्रार. मोठ्यांनी ज्यावर परिपत्रके काढावीत त्यावर बारा वर्षांच्या मुलांना बोलावे लागले! परिपत्रके निघालीही. केंद्राच्या २०२० सालच्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून जड नसावे. पाचवीसाठी ते पावणेदोन ते अडीच किलोंच्या आसपास येते. महाराष्ट्राने २०२३ साली पाठ्यपुस्तकांतच वहीची पाने घालून पुस्तकांचे भाग पाडले. मुले वह्या आणीतच राहिली आणि २०२५ साली तो प्रयोग आवरावा लागला. मला त्याचे नवल वाटले नाही.

आम्ही शाळेत जे केले ते किरकोळ आहे. वही विसरल्यास बाहेर उभे करणे बंद केले. बदली तासाला वाचन, पाढे किंवा गोष्ट. नवा विषय काढायचा नाही. दोन विषयांचे जोडतास लावले, त्यामुळे दिवसाचे विषय कमी झाले. एका बाकावर एक पुस्तक पुरते, हेही ठरले. यावर काही पालक नाराज झाले. दप्तर हलके म्हणजे अभ्यास हलका, अशी त्यांची समजूत. नकाशासंग्रह व चित्रकलेच्या वह्या वर्गातील कपाटात ठेवल्या, तर पावसाच्या दमटपणाने महिन्याभरात त्यांवर बुरशी चढली. आता कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढले आहे आणि शनिवारी वह्या उन्हात घालतो, ऊन असलेच तर.

परवा त्याच मुलीचे दप्तर पुन्हा तोलले. साडेतीन किलो भरले. अद्याप किलोभर अधिकच. उघडून पाहिले तो शिकवणीची पुस्तके तशीच होती. शाळा सुटल्यावर ती परस्पर तिकडेच जाते.