दीर्घकालीन खोकल्यावरील नवी औषधे आणि शहापूर-मुरबाडमधील रुग्ण

प्रौढ व्यक्तीचा खोकला आठ आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास त्यास दीर्घकालीन खोकला म्हणतात. दमा, नाकाचे जुनाट विकार, जठरातील आम्लाचा अन्ननलिकेत होणारा उलट प्रवाह, धूम्रपान व रक्तदाबावरील काही गोळ्या ही त्याची नेहमीची कारणे होत. तथापि कारणांवर उपचार होऊनही काही रुग्णांचा खोकला थांबत नाही. त्यांच्यात खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रियाच अतिसंवेदनशील झालेली असते. थंड हवा किंवा फोडणीचा ठसकाही उबळ येण्यास पुरेसा होतो.

नव्या संशोधनाचा रोख या क्रियेवर आहे. श्वसनमार्गातील पेशींना इजा झाली की त्यांतून एटीपी हा रेणू बाहेर पडतो, चेतातंतूंवरील पी२एक्स३ या ग्राहींना चिकटतो आणि खोकल्याचा संदेश मेंदूकडे जातो. गेफापिक्झंट हे औषध हेच ग्राही अडवते. त्यास जपानने २०२२ मध्ये व युरोपीय संघाने २०२३ मध्ये मान्यता दिली. अमेरिकी नियामकाने मात्र या दोन्ही वर्षी ती नाकारली. हा सावधपणा अनाठायी म्हणता येणार नाही. प्रमुख चाचण्यांत खोकल्याची वारंवारता निष्क्रिय गोळीच्या तुलनेत सुमारे १५ ते १८ टक्केच घटली, तर निम्म्याहून अधिक रुग्णांची चव बिघडली, कारण जिभेच्या चेतातंतूंवरही याच कुळातील ग्राही असतात. कॅमलीपिक्झंट हे नंतरचे औषध चवीला कमी बाधा व्हावी या हेतूने विकसित करण्यात आले.

शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात या औषधांकडे पाहताना एक बाब दृष्टिआड करता येत नाही. या चाचण्यांतून चालू धूम्रपान करणारे, तसेच छातीच्या चित्रणात खोकल्यास कारणीभूत ठरेल असा दोष आढळलेले रुग्ण वगळले होते. येथील पाड्यांवर चुलीचा धूर घरातच कोंडतो, उन्हाळ्यात भातरोपांसाठी राब भाजला जातो, आणि दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. त्यातच क्षयरोग. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार दोन आठवडे खोकला टिकला तरी थुंकीची तपासणी व्हावयास हवी, आणि ती शासकीय रुग्णालयात विनामूल्य होते. कारण न शोधता खोकला दाबणारे औषध दिले गेल्यास रुग्णास तात्पुरता आराम पडेल, निदान लांबेल आणि संसर्ग घरात पसरत राहील. स्थलांतरित कुटुंबाबाबत हा धोका अधिक, कारण खोकला गावात सुरू होतो आणि तपासणीची वेळ येईपर्यंत रुग्ण भट्टीवर पोहोचलेला असतो.