सत्तेला संघटनेची भीती का वाटते?

आपल्या बचत गटाची बैठक दर महिन्याला भरते. हिशेब होतो, रेशनची, पाण्याची तक्रार निघते, कधी कचेरीवर मोर्चाही जातो. हे आपल्याला साधं वाटतं. पण हाच हक्क काढून घेतला तर काय होतं, ते आज समजून घेऊ.

जर्मनीत १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याने १ मे ही कामगारांची सुट्टी जाहीर केली, आणि दुसऱ्याच दिवशी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेऊन पुढाऱ्यांना पकडलं. जूनमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षावर बंदी आली. कित्येकांना छळछावण्यांत डांबलं, कित्येक जिवानिशी गेले.

आपल्याकडची आणीबाणी त्या राजवटीइतकी भयंकर नव्हती. पण घाव कुठे घालायचा, ते तिलाही ठाऊक होतं.

मुंबईत अंधेरी-बोरिवलीच्या मधे गोरेगाव आहे. तिथल्या मृणालताई गोरे समाजवादी कार्यकर्त्या. वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून त्या झगडल्या, म्हणून लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत. महागाई वाढली तेव्हा त्या, कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकर आणि समाजवादी प्रमिलाताई दंडवते एकत्र आल्या. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या.

२५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. 'मिसा' कायद्याखाली कारण न सांगता, खटला न चालवता माणसाला तुरुंगात ठेवता येत होतं. देशभरात एक लाखाहून जास्त लोक आत गेले. मृणालताई काही महिने भूमिगत राहून काम करत होत्या, मग पकडल्या गेल्या. अहिल्याताई आणि प्रमिलाताईंनाही तुरुंगवास झाला.

संघटनेचं तोंड बंद झालं, की पोटावर पाय येतो. त्याच वर्षी कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. संप करायची सोय नव्हती, बोलणार कोण?

१९७७ मध्ये निवडणूक झाली. मृणालताई आणि अहिल्याताई दोघी मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. पुढे १९७८ मध्ये घटनादुरुस्ती झाली. आता नुसत्या 'अंतर्गत अशांतते'च्या नावाखाली आणीबाणी लावता येत नाही, आणि आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येत नाही.

शांततेने जमण्याचा आणि संघटना करण्याचा हक्क आपल्याला राज्यघटनेच्या १९व्या कलमाने दिला आहे. एकटीला गप्प करणं सोपं असतं, गटाला नाही. म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करू या: जी बाई कधीच बोलत नाही, तिला आधी बोलू द्या.