लेक नागपूरला, शिदोरी घरची

मुलगा-मुलगी नागपूरला कॉलेजात गेली की आपण फी, खोलीभाडे, पुस्तके यांचा हिशेब करतो. ती खातात काय, हे विचारायचे मात्र राहून जाते.

ओळखीतल्या एका कापूस उत्पादकाची मुलगी तिथे शिकते. दिवाळीला घरी आली ती फिकी पडलेली. चार पावले भरभर चालली की धाप लागे. रक्त तपासले, हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. स्त्रीला ते निदान बारा तरी हवे. खोदून विचारल्यावर म्हणाली, "बाबा, औंदा कापसाचं काही झालं नाही. नाश्ता सोडला तर तेवढेच पैसे वाचतात." सकाळी नुसता चहा, दुपारी मेसचे जेवण, त्यावर पुन्हा चहा. बापाला बोलणे सुचेना.

ही एकटीची गोष्ट नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ५४ जणींना रक्तक्षय आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९.

रक्त कमी असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या घ्याव्यातच. पण रोजचा आधार आपल्याच शेतात आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. हरभरा, तूर, तीळ, जवस यांचीही जोड आहेच. मुलीच्या डब्यात फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, तिळगुळाचे लाडू आणि जवसाची चटणी द्यावी. चटणी पंधरा दिवसांपुरतीच करावी, नाहीतर तिला खवट वास येतो.

दोन गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात. जेवणासोबत लिंबू किंवा संत्रे खाल्ले, तर धान्य-कडधान्यातले लोह अंगी चांगले लागते. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. म्हणून मध्ये तासभर जाऊ द्यावा. नागपूरचे तर्री-पोहेही वाईट नाहीत. तर्रीत हरभरा असतो, वरून लिंबू पिळावे, तेल तेवढे बेताचे असावे. उपाशी राहण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

नाश्ता सोडून वाचलेले पैसे पुढे दवाखान्यात जातात आणि अभ्यास बुडतो तो वेगळाच. त्या बापाने आता दर पंधरवड्याला एसटीने डबा पाठवायला सुरुवात केली आहे. फोनवर तो "बरी आहेस ना?" एवढेच विचारून थांबत नाही. "आज सकाळी काय खाल्लंस?" असे विचारतो. आपणही विचारावे.