हृदयाच्या रोहिण्या व त्यांतील दाह

मागील सत्रांत शरीरशास्त्राच्या तासास एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, माझे वडील स्थूल नाहींत; त्यांची साखर व कोलेस्टेरॉल तपासणींत ठीक निघालें; मग त्यांस हृदयविकाराचा झटका कां आला?" त्या वेळीं मीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. तें येथें विस्तारानें देतों.

जुन्या नळांत क्षार बसून नळ कोंदतो, तशीच रोहिणींत चरबी बसते, असा दृष्टांत मींही वर्गांत पुष्कळ वर्षें दिला. तो सोपा आहे, पण खरा नाहीं. नळ निर्जीव, रोहिणी सजीव. आणि चरबी तिच्या पोकळींत न बसतां भिंतीच्या आंत सांचते.

पायांत बाभळीचा कांटा मोडला म्हणजे ती जागा लाल होते, सुजते, तापते व ठणकते. यास दाह म्हणतात. १८८२ सालीं मेसिना येथें घरचीं माणसें सर्कशीस गेलीं असतां मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक पिलांत गुलाबाचा कांटा टोंचून ठेविला. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा! शरीराच्या या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल १९०८ सालीं त्यास नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

हृदयाच्या स्नायूंस रक्त पुरविणाऱ्या मुख्य रोहिण्यांचा व्यास तीन-चार मिलिमीटर असतो. त्यांस आंतून पेशींचें एकपदरी अस्तर असतें. निरोगी अस्तरास पांढऱ्या पेशी चिकटत नाहींत. परंतु कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एल्‌डीएल कण रक्तांत वाढले, किंवा तंबाखूचा धूर, रक्तदाब, मधुमेह यांनीं अस्तर दुखावलें, म्हणजे ते कण भिंतींत शिरून अडकतात व तेथें बिघडतात. मग अस्तर आपल्या पृष्ठावर चिकट रेणू उभे करतें, आणि मोनोसाइट नांवाच्या पांढऱ्या पेशी त्यांस अडकून आंत उतरतात. आंत त्यांच्या भक्षक पेशी बनून त्या बिघडलेले कण गिळूं लागतात. हेतु चांगलाच, पण येथें भक्षकास 'पुरे' म्हणणें ठाऊक नाहीं. चरबीच्या थेंबांनीं पेशी इतकी भरते कीं, सूक्ष्मदर्शकांतून ती फेंसाळ दिसते. अशा पेशी तेथेंच मरतात, त्यांचीं प्रेतें उचलणाऱ्या पेशी अपुऱ्या पडतात, व भिंतींत मऊ गाळ सांचतो. त्यांच्या संदेशांनीं आणखी पेशी ओढल्या जातात. पायांतील दाह कांटा निघतांच शमतो. येथें कांटा रोज नवा येतो.

शरीर त्या गाळावर तंतूंचें झांकण घालतें. झांकण जाड असेल तों रोगी वर्षानुवर्षें निर्वेध जगूं शकतो. पण टी-पेशींचा एक स्राव झांकण विणणाऱ्या पेशींचें काम मंदावतो, आणि भक्षक पेशींचे पाचक रस विणलेले तंतु विरघळवितात. झांकण फाटलें कीं गाळाशीं रक्ताचा स्पर्श होऊन गुठळी धरते व रोहिणी बंद होते. झटका येतो तो बहुधा असा. म्हणूनच फारशी अरुंद न झालेली रोहिणीही एकाएकीं बंद पडूं शकते.

हें सर्व म्हातारपणीं सुरू होतें असें विद्यार्थ्यांनीं मानूं नये. कोरियाच्या युद्धांत मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२. आणि शेंकडा ७७ जणांच्या रोहिण्यांत रोगाचीं चिन्हें होतीं.

हा विकार म्हणजे दाहच, असें जर्मन पंडित फिर्शो यांनीं १८५६ च्या सुमारास प्रतिपादिलें होतें. १९१३ सालीं रशियांत अनिचकोव यांनीं सशांस कोलेस्टेरॉल चारून तसाच विकार उत्पन्न केला. पुढें विद्वानांनीं ससे ध्यानांत ठेविले व फिर्शोकडे फार काळ दुर्लक्ष केलें. दाह हा कारण कीं नुसता सोबती, याचा निकाल लावणारा कॅन्टॉस नांवाचा प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. पूर्वीं झटका आलेल्या व रक्तांत सीआरपी हें दाहाचें चिन्ह वाढलेल्या १०,०६१ रोग्यांवर तो झाला. दाहाचा एक संदेश अडविणारें औषध टोंचल्यानें एल्‌डीएल उतरलें नाहीं. तरी मध्यम मात्रा घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात व हृदयविकाराचे मृत्यु मिळून सुमारें शेंकडा १५ नीं घटले. मात्र जंतुसंसर्गाचे मृत्यु वाढले, व एकूण मृत्यूंत फरक पडला नाहीं. पहारेकऱ्यास झोंपविलें म्हणजे चोरासही वाट मिळते.

दुसरें औषध कोल्चिसिन. आपल्याकडे पावसाळ्यांत कुंपणावर चढणाऱ्या कळलावीच्या कंदांतही तें असतें. त्याच्या अल्प मात्रेनें २०१९ व २०२० च्या मोठ्या प्रयोगांत लाभ दिसला; २०२४ च्या ७,०६२ रोग्यांच्या प्रयोगांत दिसला नाहीं. वाद मिटलेला नाहीं. पण कळलावीचा कंद प्राणघातक विष आहे. कोणीं घरगुती औषध म्हणून त्यास हात लावूं नये.

हें सर्व मीं त्या मुलास समजावून दिलें. तो थोडा वेळ स्तब्ध राहिला, आणि मग म्हणाला, वडील रोज दोन बंडलें विड्या ओढीत. पण तपासणीच्या कागदावर त्यासाठीं रकानाच नव्हता.