गिरणी धानाकडे का धावते

गोंदियात राइस मिल का फोफावल्या, असे विचारले की उत्तर मिळते, रेल्वेमुळे. हे अर्धेच खरे. सरकारी भरडाईत एका क्विंटल धानामागे साधारण 67 किलो तांदूळ परत द्यावा लागतो. उरलेला तिसरा हिस्सा बहुतेक तूस आणि कोंडा. त्याचे भाडे भरून धान दूर कोण नेणार? जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी 1909 मध्ये हाच हिशेब मांडला: प्रक्रियेत वजन घटणाऱ्या मालाचा कारखाना मालाजवळच परवडतो. आमगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगावच्या बांध्यांनी गिरणी ओढली. हावडा-मुंबई मार्गावरच्या जंक्शनने तयार तांदूळ लांब पोचवला.

कोणी म्हणेल, ट्रक आता बांधीपर्यंत जातो, मग गिरणी शहरात कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो वेबरला नव्हे, शहराच्या नकाशाला लागतो. ट्रकमुळे गिरणी धानाचा पट्टा सोडत नाही, फार तर वस्तीबाहेर सरकते. आणि सरकावीच. तूस हलके पण जागा खाणारे. बॉयलरमध्ये जाळले तरी राख उरते, ती शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. उकड्या तांदळासाठी धान भिजवलेले पाणीही कुठेतरी सोडावे लागते. विकास आराखड्यात औद्योगिक पट्टा रंगवताना या दोन गोष्टींची जागा आधी ठरली पाहिजे, रस्त्यांची रुंदी नंतर.