हिरडी पांढरी पडते तेव्हा

मोटारीची धडक बसलेले कुत्रे पुष्कळदा उठून उभे राहते, चार पावले चालते, आणि धन्याचा जीव भांड्यात पडतो. अंगावर ओरखडाही नसतो. पण आत प्लीहा फाटलेली असू शकते आणि रक्त पोटात साचत असते. वीस किलो वजनाच्या कुत्र्याच्या अंगात रक्त असते ते अवघे पावणेदोन लिटरच्या आसपास. ओठ उचलून हिरडी पाहिली, तर ती पांढुरकी दिसते. निरोगी कुत्र्याची हिरडी बोटाने दाबून सोडताच दोन सेकंदांच्या आत गुलाबी होते. येथे तो रंग उशिरा परततो. नाडी जलद आणि क्षीण, पंजे थंड. वैद्यक ज्याला शॉक म्हणते, तो हाच.

जखमी अवयवांतून विष पसरून शॉक येतो, असा एके काळी समज होता. अमेरिकेत नॅशव्हिल येथे आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी १९३०च्या सुमारास दाखवून दिले, की मूळ कारण वाहिन्यांतून उणे झालेले रक्त व रक्तद्रव हे आहे. ते प्रयोग कुत्र्यांवरच झाले होते. आज या प्राण्याला जो उपचार लाभतो, त्याचे मोल त्याच्याच जातीने आधी चुकवले आहे.

उपचार दिसतो सोपा: पुढच्या पायाच्या शिरेत सुई आणि रिंगर लॅक्टेटची बाटली. कातडीखाली सलाइन देऊन मात्र भागत नाही. शॉकमध्ये त्वचेच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात आणि पाणी तेथेच गोळा होऊन राहते. खरा प्रश्न मात्रेचा. पूर्वी किलोमागे ९० मिलिलिटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ सगळ्या रक्ताइतके द्रावण, तासाभरात देत. आता पशुवैद्य बहुधा किलोमागे १५ ते २० मिलिलिटर पाव तासात देतो, थांबतो, पुन्हा हिरडी व नाडी पाहतो, आणि मगच पुढचे ठरवतो. कारण खारे पाणी प्राणवायू वाहून नेत नाही. ते रक्त पातळ करते आणि रक्तदाब एकदम चढला, तर नुकतीच धरलेली गुठळी सुटते. शिवाय तासाभरात त्यातला बराचसा भाग वाहिन्यांबाहेर झिरपतो. हृदयच दुबळे असेल, तर याच पाण्याने फुप्फुसे भरतात. रक्तस्राव मोठा असल्यास रक्तच द्यावे लागते. कुत्र्याला पहिल्या खेपेस परके रक्त सहसा सोसते. पुढल्या खेपेस जुळणी तपासल्यावाचून ते देता येत नाही.

दवाखान्यात नेईपर्यंत कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये. त्याला फळीवर आडवे ठेवावे, अंगावर घोंगडी घालावी आणि वाटेत मधूनमधून हिरडी पाहत राहावे.